बर्टन अपॉन ट्रेंटचे जुने पब आणि रिअल एल: काकांना घेऊन जायचंय, कसं करू?

पुणेरी_बर्मिंगहॅम

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात काका-काकू कोल्हापूरहून आमच्याकडे बर्मिंगहॅमला येतायत. काका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते, आता रिटायर झालेत, पण मळी, यीस्ट, फर्मेंटेशन असला विषय निघाला की अजून तासभर बोलतात. लंडन वगैरे होईलच, पण त्यांना मनापासून आवडेल असं काहीतरी दाखवायचंय, म्हणून एक अख्खा शनिवार बर्टन अपॉन ट्रेंट या बिअरसाठी प्रसिद्ध जुन्या गावाला जायचा विचार चाललाय. जुने पब, कास्कमधली, म्हणजे पिंपातच जिवंत यीस्टवर मुरलेली खरी बिअर (रिअल एल), जमलं तर ब्रुअऱ्यांचा, म्हणजे बिअरच्या कारखान्यांचा परिसर बाहेरून का होईना.

अडचण अशी की ऑफिसातल्या इंग्रज लोकांचे दोन गट पडलेत, अर्धे म्हणतात बर्टनसारखं गाव नाही आणि अर्धे म्हणतात तिथे आता काय उरलंय, बिअरचं म्युझियमसुद्धा बंद झालं, त्यापेक्षा डर्बी नाहीतर शेफील्डला जा. मी स्वतः पबमध्ये गेलो की लागर किंवा गिनेसच घेतो, हँडपंपवाली, म्हणजे कास्कमधली, बिअर एकदोनदा घेतली ती कोमट आणि गॅस उडालेली लागली, त्यानंतर तिच्या वाटेला गेलो नाही. ती मुळात तशीच असते का? काकू पीत नाहीत आणि पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांना अशा जुन्या पबात अवघडल्यासारखं होणार नाही ना? काकांचे गुडघेही दुखतात त्यामुळे फार चालणं नको. कुठले पब, कुठल्या क्रमाने, जरा सविस्तर सांगा प्लीज.

ट्रेंटकाठी

बिनधास्त या. मी बर्टनमध्येच राहतो त्यामुळे थोडा पक्षपात होणारच, पण केमिस्ट माणसाला दाखवायला याच्याइतकं चांगलं गाव इंग्लंडात दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे.

म्युझियम ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं हे खरंय, गावाला ते फार लागलं, अजून लोक त्याबद्दल चिडून बोलतात. पण म्युझियम गेलं म्हणून बर्टन संपलं असं नाही. इथे बिअर बनवणं मठातल्या साधूंपासून चालू आहे, तो मठ अकराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. आणि गाव मोठं झालं ते पाण्यामुळे. ट्रेंट नदीच्या नव्हे, विहिरींच्या पाण्यामुळे. जमिनीखाली जिप्समचे थर आहेत, त्यातून झिरपून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम सल्फेट भरपूर, त्यामुळे बिअरमध्ये हॉप्स या कडवट फुलांचा कडूपणा स्वच्छ आणि कोरडा उतरतो. हे कोडं केमिस्ट लोकांनी उलगडल्यावर जगभरच्या ब्रुअऱ्या आपल्या पाण्यात जिप्सम टाकायला लागल्या, त्याला आजही बर्टनायझेशनच म्हणतात. काकांना एवढंच सांगा, ते आपणहून ट्रेनमध्ये बसतील.

आता पब. स्टेशनवरून पाच-सात मिनिटांवर क्रॉस स्ट्रीटवर कूपर्स टॅव्हर्न आहे, सुरुवात तिथूनच करा. ही जागा एकेकाळी बास ब्रुअरीचं कोठार होती. आत शिरल्यावर पुढच्या खोल्यांत थांबू नका, सरळ मागच्या टॅपरूममध्ये जा. तिथे नेहमीसारखा लांबलचक बार नाही, छोटंसं काउंटर आणि शेजारी आडवी ठेवलेली पिंपं. ड्राफ्ट बास मागितलीत की तुमच्या डोळ्यांदेखत पिंपाच्या तोटीखाली ग्लास धरतात, पंप नाही, पाइप नाही. ग्लास हातात आला की प्यायच्या आधी वास घ्या. पहिल्या क्षणाला काडेपेटीची काडी ओढल्यासारखा गंधकाचा झटका येतो आणि लगेच जातो. त्याला इथे बर्टन स्नॅच म्हणतात, तो त्या सल्फेटचा. दोन मिनिटं गप्पा मारत बसलात तर तो हुकणार, म्हणून काकांना आधीच सांगून ठेवा.

सध्या हा पब जूल्स या श्रॉपशरच्या ब्रुअरीकडे आहे, त्यांच्या स्वतःच्या बिअरही चांगल्या आहेत, पण बर्टनला येऊन पहिला ग्लास बासचाच घ्या. कंपनी १७७७ मध्ये विल्यम बासने सुरू केली आणि त्यांचा तो लाल त्रिकोण म्हणजे ब्रिटनमधला पहिला नोंदणी झालेला ट्रेडमार्क, १८७६ चा. आता नाव एका बहुराष्ट्रीय कंपनीकडे आणि बिअर बनते दुसऱ्याच ब्रुअरीत, पण बनते बर्टनमध्येच हे महत्त्वाचं.

तिथून स्टेशन स्ट्रीटवर द लास्ट हेरेटिक म्हणून मायक्रोपब आहे, एका दुकानाएवढी जागा. नाव आलंय ते बर्टनच्या एडवर्ड वाइटमनवरून, पाखंडी ठरवून इंग्लंडमध्ये जिवंत जाळलेला तो शेवटचा माणूस, १६१२ साली. छोट्या पबात अनोळखी लोक आपणहून बोलतात, काकूंना तिथे मजा येईल. मग टॅक्सी करून गावाच्या दुसऱ्या टोकाला ब्रिज स्ट्रीटवरच्या बर्टन ब्रिज इनला जा, चालत वीसेक मिनिटं आहेत, गुडघे दुखत असतील तर कशाला. मोठ्या ब्रुअऱ्या एकेक करून बंद होत असताना १९८२ मध्ये दोन माणसांनी त्या पबामागे छोटी ब्रुअरी काढली, गावातल्या लोकांना त्याचं फार अप्रूप होतं.

तीनच पब करा, चौथा नको. आणि जाताना वाऱ्याकडे नाक ठेवा, कधी शिजणाऱ्या मॉल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा वास येतो तर कधी मार्माइटचा, म्हणजे पावाला लावायच्या त्या खारट काळ्या लेपाचा. मार्माइट १९०२ पासून इथेच बनतं, ब्रुअऱ्यांच्या उरलेल्या यीस्टपासून. मळीपासून स्पिरिट काढणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

सेलरवाली

मी डर्बीशरमधल्या एका गावातल्या पबचं तळघर सांभाळते, मूळची सातारची. पुणेरी, तुमच्या कोमट बिअरच्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवेना.

तशी ती मुळीच नसते, नसायला हवी. तळघर ११ ते १३ डिग्रीला ठेवायचं असतं, म्हणजे फ्रिजमधल्या लागरपेक्षा वर पण हाताला ग्लास गारच लागला पाहिजे. त्यापेक्षा जास्त थंड केली तर चवच कळत नाही आणि जास्त गरम झाली तर गॅस उडून जातो. तुम्हाला जी मिळाली ती बहुतेक न खपणाऱ्या पबात मिळाली असणार.

खपण्याचा संबंध काय ते काकांना नक्की आवडेल म्हणून नीट सांगते. ब्रुअरीतून येणारं पिंप, फर्किन म्हणतात त्याला, ९ गॅलनचं म्हणजे ७२ पाइंटचं असतं, आणि त्यात यीस्ट जिवंत असतं. म्हणजे बिअर आमच्याकडे येते तेव्हा पूर्ण झालेलीच नसते. मी ते पिंप स्टिलेजवर, म्हणजे पिंपाच्या स्टँडवर, आडवं ठेवते, घट्ट पाचर लावते, वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची बारीक खुंटी ठोकते. ठोकल्याबरोबर फस्स करून फेस वर येतो, कधी कधी चेहऱ्यावर उडतो. दर काही तासांनी जाऊन तो फेस पुसायचा, बुडबुडे किती वेळाने येतायत ते बघायचं, आणि फेस बसत आला की ती खुंटी काढून टणक लाकडाची न गळणारी खुंटी मारायची, म्हणजे उरलेला गॅस आतच राहतो. मग लाकडी हातोडीने एका फटक्यात पुढच्या बुचातून तोटी आत घालायची. एका फटक्यात, दोन मारले तर अर्धं तळघर आंघोळ करतं आणि तळाचा गाळ वर येतो. यानंतर बिअर निवळायला एखाद-दोन दिवस, आणि मगच बारवर.

एकदा विकायला लागलं की जेवढी बिअर बाहेर जाते तेवढी हवा आत येते. तीन दिवसांत संपायला हवं, त्यानंतर चव बसते आणि मग आंबट व्हायला लागतं. त्यामुळे ज्या पबात दिवसाला पाच माणसं एल पितात आणि हँडपंप आठ लावलेत तिथे दूरच राहा. दोनच पंप पण सतत हलतायत अशी जागा बघा. बारवर जाऊन सरळ विचारा की आज सगळ्यात जास्त काय खपतंय, कोणी हसत नाही, उलट खूश होतात. घोटभर चव बघायला मागितली तरी देतात. आणि आंबट लागली तर पहिल्या-दुसऱ्या घोटालाच ग्लास परत न्या, शांतपणे सांगा, चांगला पब एक शब्द न बोलता बदलून देतो.

काकांसाठी हाफ पाइंटच घ्या म्हणजे तीन-चार प्रकार होतील. काकूंचं काही टेन्शन घेऊ नका, पबात न पिणारी माणसं रोज येतात, चहा-कॉफीही बऱ्याच ठिकाणी मिळते. खाण्याचं मात्र बघून ठेवा, अशा जुन्या पबांत स्वयंपाकघर नसतं, चीज आणि कच्च्या कांद्याचा कॉब मिळतो, कॉब म्हणजे या भागातला गोल पाव. बाकी सगळं पोर्क पाईच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या दिशेने.

हॉप्स_आणि_होळी

माझा एक प्रश्न घुसवतो. मी पण शाकाहारी पण बिअर पितो, कोणीतरी सांगितलं की रिअल एलमध्ये माशाचं काहीतरी असतं. खरंय का?

सेलरवाली

खरंय. आयसिंग्लास म्हणतात, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेलं कोलॅजन. ते यीस्टला धरून खाली बसवतं, म्हणून बिअर इतकी पारदर्शक दिसते. बहुतेक सगळं गाळात राहतं, पण तुमचा नियम कडक असेल तर ते समाधान नव्हे. आता बऱ्याच लहान ब्रुअऱ्या ते न घालता बिअर देतात, पंपाच्या पाटीवर अनफाइन्ड किंवा व्हीगन लिहिलेलं असतं, जराशी धुरकट असते पण चवीला काही कमी नाही. पाटीवर नसेल तर विचारा, बारवरच्या माणसाला माहीत असायलाच हवं. गिनेसने तर काही वर्षांपूर्वी हे वापरणं बंद केलंय.

सातपाटीकर

आयला, म्हणजे आपला बोतच की! आमच्याकडे पालघरच्या किनाऱ्यावर घोळ मासा लागला की मांसाआधी बोत बघतात, नर घोळीचा बोत मिळाला तर घरात दिवाळी. तो वाळवून परदेशात जातो एवढं लहानपणापासून ऐकत होतो, दारू साफ करायला लागतो असं म्हातारे सांगायचे. कुठे सातपाटी कुठे हे इंग्लंडचं तळघर, वाचून बरं वाटलं.

जुनी_बखर

सगळे चव आणि पाण्यावर बोलतायत, पण बर्टनचं आणि आपलं नातं कोणी काढलंच नाही म्हणून लिहितो. इंडिया पेल एल ज्याला आज पुण्याच्या ब्रुपबात सुद्धा आयपीए म्हणून मागतात, तिच्या नावातला इंडिया खराखुरा आहे. सुरुवात बर्टनची नाही, लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची. त्याची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ, तो कप्तानांना उधारीवर माल द्यायचा आणि ते मुंबई, मद्रास, कलकत्त्याला नेऊन विकायचे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, तरी भरपूर हॉप्समुळे ती टिकायची आणि वाटेत मुरायचीसुद्धा.

मग हॉजसनचं आणि कंपनीशी संबंधित लोकांचं बिनसलं आणि १८२२ च्या सुमारास कंपनीच्या एका डायरेक्टरने बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉपला हॉजसनच्या बिअरचा नमुना दाखवून अशी बनवशील का विचारलं. बर्टनवाल्यांचा रशियाकडचा बाजार तेव्हा बसला होता, त्यांनाही गिऱ्हाईक हवंच होतं. आणि ट्रेंटकाठींनी सांगितलेलं जिप्समचं पाणी या फिकट कडू बिअरला इतकं जमून गेलं की लंडनवाले मागे पडले. ऑलसॉपमागून बास आलं आणि थोड्याच वर्षांत मुंबईच्या धक्क्यावर बर्टनची पिंपं उतरायला लागली.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा, ही बिअर तहानलेल्या गोऱ्या शिपायांसाठी काढली असं सर्रास लिहिलेलं असतं. ती परवडायची अधिकाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना. साधा शिपाई काळी पोर्टर प्यायचा आणि पोर्टर सुद्धा जहाजं भरभरून भारतात यायची, तिचं नाव कोणी घेत नाही एवढंच.

आणि काका लंडनला जाणारच असतील तर सेंट पँक्रास स्टेशनच्या खालच्या मजल्यावर, जिथे आज युरोस्टारचे प्रवासी थांबतात, तिथले लोखंडी खांब दाखवा. १८६८ मध्ये स्टेशन उघडलं तेव्हा तो मजला बर्टनच्या बिअरचं गोदाम होता, खांबांमधलं अंतर पिंपांच्या मापाने ठरवलंय. एका गावची बिअर साठवायला राजधानीच्या स्टेशनचा नकाशा बदलला, यावरून काय ते समजा.

डर्बीकर

सगळ्यांचा मान राखून थोडं वेगळं बोलतो. बर्टन बघण्यासारखं आहे पण पाहुण्यांना दिवसभर तिथेच ठेवू नका. खरं सांगायचं तर बर्टनचं मोठं दुखणं २०२४ मध्ये झालं, इथल्या मार्स्टन्स ब्रुअरीकडे बिअर आंबवायचे जे युनियन सेट होते ते बंद केले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओकच्या पिंपांची रांग, प्रत्येक पिंपातून हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी वर निघते, आंबताना यीस्टचा फेस त्या नळीतून वरच्या पन्हाळीत चढतो, बिअर परत खाली पिंपात जाते आणि यीस्ट वर राहतं. एकोणिसाव्या शतकात बर्टनमध्ये सगळ्या मोठ्या ब्रुअऱ्या असंच करायच्या, शेवटी मार्स्टन्स एकटी उरली होती. खर्च परवडत नाही आणि कास्कचा खप घटलाय असं कारण दिलं. त्यातला एक सेट डर्बीशरमध्येच बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने वाचवला आणि त्यावर त्यांनी बिअर बनवायला सुरुवातही केली, त्यांच्या जयपूर नावाच्या आयपीएची युनियनवर बनवलेली आवृत्तीसुद्धा काढली. केमिस्ट काकांना यंत्र बघायचं असेल तर त्यांच्या ब्रुअरी टूरची चौकशी करा, बर्टनमध्ये आता ते चालू बघायला मिळणार नाही.

आणि पब म्हणाल तर बर्टनपासून ट्रेनने दहा-बारा मिनिटांवर डर्बी. स्टेशनबाहेर पडलात की ब्रन्सविक इन, रेल्वे कामगारांच्या जुन्या तिकोनी वस्तीच्या टोकाला, आत फरशीचा बोळ आणि दोन्ही बाजूंना छोट्या खोल्या. गुडघ्यांना त्रास नाही. माझं मत, दुपारपर्यंत बर्टन आणि संध्याकाळी ब्रन्सविक.

ट्रेंटकाठी

युनियनबद्दल डर्बीकर जे म्हणतात त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या बातमीच्या आठवड्यात कूपर्समध्ये दुसरा विषय नव्हता, आयुष्यभर ब्रुअरीत काम केलेली माणसं गप्प बसून होती. पण म्हणूनच म्हणतो, जे चालू आहे तिथे जाऊन प्या. कास्क ही अशी वस्तू आहे की ती लोक प्यायले तरच चांगली राहते, सेलरवाली ताईंनी तीन दिवसांचं गणित सांगितलंच आहे. १९७१ मध्ये काम्रा ही ग्राहकांची संघटना निघाली तेव्हा मोठ्या कंपन्या सगळीकडे गॅस मारलेली केग बिअर आणत होत्या, आणि चार मित्रांनी सुरू केलेल्या त्या संघटनेने हे सगळं वाचवलं ते मुख्यतः लोकांना पबात नेऊन, मागणी करायला लावून. त्यांची गुड बिअर गाइड दरवर्षी निघते, पब निवडताना मी आजही तीच बघतो.

डर्बीचा प्रस्ताव चांगला आहे, मान्य. पण कूपर्समध्ये घाई करू नका.

पुणेरी_बर्मिंगहॅम

मंडळी, काय लिहिलंय, आत्ताच काकांना फोनवर वाचून दाखवलं. जिप्समवर त्यांनी मलाच उलट प्रश्न विचारले आणि पन्हाळीतलं यीस्ट पुढच्या बॅचला वापरतात का असं विचारतायत. काकूंना सातपाटीकरांचा बोत ऐकून धक्का बसला, काकांनी कोकण फिरताना घोळ खाल्लाय म्हणे.

तर प्लॅन असा, सकाळच्या ट्रेनने बर्टन, कूपर्समध्ये निवांत, मग हेरेटिक, मग ट्रेनने डर्बीचं ब्रन्सविक आणि तिथून परत बर्मिंगहॅम. बर्टन ब्रिज इन या वेळी राहील, वाईट वाटतंय पण गुडघे. बेकवेल वेगळ्या दिवशी गाडीने, मी पिणार नाही. अजून एक, बारवर ऑर्डर कशी द्यायची? रांग दिसत नाही आणि मी नेहमी मागेच राहतो. टिप द्यायची का?

सेलरवाली

काकांना सांगा हो, तेच यीस्ट पुढच्या बॅचला जातं, पिढ्यानपिढ्या. युनियनचं यीस्ट फार निरोगी निघतं म्हणून तर मार्स्टन्सने इतकी वर्षं तो खर्च सोसला.

रांग नसते पण नंबर असतो. बारला मोकळी जागा दिसली की जाऊन उभं राहायचं, तुमच्या आधी कोण उभं होतं ते लक्षात ठेवायचं आणि बारवाल्याने चुकून तुम्हाला आधी विचारलं तर त्यांच्याकडे बोट दाखवायचं. एवढं केलंत की तो माणूस पुढे तुमच्याशी गप्पा मारणार हे नक्की. नोटा हलवायच्या नाहीत, हाक मारायची नाही. टिप लागत नाही, फारच छान वाटलं तर पैसे देताना तुमच्यासाठीही एक घ्या असं म्हणायचं, ते त्या रकमेत स्वतःच्या ग्लासाचे पैसे धरतात. एका टेबलावर सगळ्यांची ऑर्डर एकानेच आणायची, पुढच्या वेळी दुसऱ्याने.

ट्रेंटकाठी

आणि तारीख ठरवायच्या आधी बर्टन अल्बियन या फुटबॉल टीमची त्या दिवशी घरच्या मैदानावर मॅच नाही ना ते बघून घ्या, असेल तर स्टेशनपासून सगळे पब भरलेले असतात आणि काकांना बसायला जागा मिळणार नाही. पबच्या वेळाही आदल्या दिवशी तपासा, काही जागा दुपारीच उघडतात, कूपर्स उघडायच्या वेळेला पोचलात तर मागच्या खोलीतला भिंतीलगतचा बाक मिळेल. तारीख इथे टाका, मी गावात असलो तर येतो.